वहिनींना घाम, आजींना हुडहुडी : एका गाडीच्या एसीचं प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक गाडी माझ्याकडे आली. तक्रार होती, एसी गार करत नाही. पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. एसी ऑटोमॅटिक, म्हणजे आकडा लावला की पुढचं गाडीच बघते. पण आकडा एकच, डावी-उजवी बाजू वेगळी नाही. आधीच्या दोन महिन्यांत दुसरीकडे दोनदा गॅस भरून झाला होता. गाडी चालवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "ताई, गॅस टिकतच नाही हिच्यात." शेजारच्या सीटवर त्यांच्या सासूबाई होत्या, वय ७६. शालीतून तोंड बाहेर काढून त्या म्हणाल्या, "आणखी गॅस भरू नकोस गं पोरी. आत्ताच गारठून जीव जातोय माझा."

गाडी एक, एसी एक, आणि तक्रारी दोन, त्याही एकमेकींच्या उलट. वडिलांचं वर्कशॉप हातात घेऊन मला अठरा वर्षं झाली, तरी जॉबकार्डवर अशा दोन ओळी एकाखाली एक मी पहिल्यांदाच लिहिल्या. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हे की, अशी भांडणं घराघरांतल्या गाड्यांत रोज होतात आणि त्यांचा खर्च विनाकारण गॅसवर होतो. दोघींना विचारूनच लिहिते आहे. नावं घेत नाही.

आजींच्या डोळ्याच्या पडद्यासाठी दर महिन्याला पुण्याला इंजेक्शन असतं. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, म्हणून सूनच नेते-आणते. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर. सकाळी सातला निघायचं आणि दुपारी अडीच-तीनला परत फिरायचं. या प्रवासात दर दहा मिनिटांनी बटण फिरायचं. वहिनी १८ वर न्यायच्या, आजी २७ वर. आणेवाडी टोलनाक्यापर्यंत दोघी बोलायच्या, पुढे शिरवळपर्यंत अबोला.

गाडीत काय सापडलं

आधी गाडीचं बघू, कारण गाडीतही दोष होतेच.

गेज लावल्यावर हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीतलं, प्रेशर जास्त दिसलं. गॅस काढून वजन केलं, तर बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या मापापेक्षा ८० ग्रॅम जास्त निघाला. गाडीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, ती शोधायची. गळती नसताना वरून भरत गेलं, तर पुढचा कंडेन्सर द्रवरूप झालेल्या गॅसने तुंबतो, उष्णता बाहेर टाकायला जागा उरत नाही आणि गारवा उलट कमी होतो. "गॅस टिकत नाही" हे वहिनींचं म्हणणं म्हणूनच नेमकं उलटं होतं. गॅस टिकला होता, वर आणखी ओतला होता.

केबिन फिल्टर धुळीने राखाडी झाला होता, तो बदलला. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॅशबोर्डवर एक छानशी मखमली चटई अंथरली होती. ती उचलली तर खाली, काचेच्या कडेला, बोराएवढा काळा घुमट. तो उन्हाचा सेन्सर. ऑटोमॅटिक एसीला तीन ठिकाणांहून खबर लागते: स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीतून आतल्या हवेची, पुढच्या बंपरमागून बाहेरच्या हवेची आणि या घुमटातून उन्हाची. चटईखाली त्याला बारा महिने रात्र होती. त्यामुळे बाहेर रणरणतं ऊन असलं तरी गाडी ढगाळ दिवसासारखी चालत होती. वहिनींनी २२ लावलं की त्यांना पुरत नसे, म्हणून त्या खाली १८ वर जायच्या. आणि १८ या गाडीत नुसता आकडा नाही, ते शेवटचं टोक आहे. तिथे गाडी तापमान बघायचं सोडून देते, सगळी हवा गार आणि ब्लोअर फुल.

इथे एक समज दूर करायला हवा. १८ लावल्याने कूलिंग कॉइल जास्त गार होत नाही. कॉइल शून्याच्या खाली गेली तर तिच्यावरचं पाणी गोठून हवेची वाटच बंद होईल, म्हणून त्याआधीच कॉम्प्रेसर थांबवण्याची सोय असते. या गाडीत १८ असो की २६, कॉइलमधून बाहेर पडणारी हवा जवळपास तेवढीच गार असते. फरक पडतो तो पुढच्या फ्लॅपमुळे. कॉइलच्या पुढे हीटरची छोटी जाळी असते, तिच्यातून इंजिनचं ८५-९० अंशांचं पाणी फिरतं. फ्लॅप थोडा उघडला की गार हवेतली थोडी त्या जाळीतून जाते आणि मिसळून बाहेर येते. आजींनी २७ लावलं की वहिनींच्या तोंडावर ही गरम मिसळ यायची, आणि वहिनींनी १८ लावलं की आजींच्या गुडघ्यांवर कॉइलची कोरी हवा. फ्लॅप एकच, तो दोघींसाठी वेगळा कसा वळणार?

दोन आकड्यांच्या गाड्यांत असे फ्लॅप दोन असतात आणि हवेच्या पेटीत मधे पडदा असतो. वहिनींनी विचारलंही, "मग गाडीच बदलू का?" मी नको म्हणाले. कॉइल तिथेही एकच, आणि दोन सीटच्या मधे काही भिंत नसते, हवा मिसळतेच. महिन्याच्या एका फेरीसाठी एवढा खर्च करायच्या आधी आहे त्या गाडीत काय होतं ते बघावं असं मला वाटलं.

मागच्या सीटवरून

गॅस मापात केला, चटई काढली आणि गाडी परत दिली. चार दिवसांनी वहिनींचा फोन आला: आता गार होतंय, पण आई आणखी कुडकुडतात. साहजिकच होतं. सेन्सरला ऊन दिसायला लागलं, म्हणून गाडी जोमाने गार करू लागली, आणि तेही दोघींना सारखंच. दुरुस्तीने एकीचं भलं झालं आणि दुसरीचे हाल वाढले. मला हे आधी सुचायला हवं होतं.

मे महिन्याच्या फेरीला मी मागे बसून गेले. मला पुण्याहून सामान आणायचं होतंच. बरोबर दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणि पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी गन घेतली. एक थर्मामीटर वहिनींच्या खांद्याजवळ सावलीत लटकवला, दुसरा आजींच्या. आकडा २३ वर ठेवून कुणीही बटणाला हात लावायचा नाही असं ठरलं.

भुईंजच्या पुढे गेल्यावर दोन्ही थर्मामीटर बघितले. फरक जेमतेम दीड अंश. म्हणजे दोघी जवळपास एकाच हवेत बसल्या होत्या. मग गन धरली. वहिनींच्या उजव्या बाहीचं कापड ४३, दाराची वरची कड ४७. आजींच्या डाव्या दाराची कड २९. आणि आजींच्या गुडघ्यावर, जिथे मधल्या ग्रिलचा झोत थेट येत होता, तिथे साडी १९.

आकडे वहीत लिहिताना बाहेर बघितलं आणि लक्षात आलं. साताऱ्याहून पुणे म्हणजे उत्तर. सकाळी उत्तरेला तोंड केलं की पूर्व उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरकडे. दुपारी पुण्याहून साताऱ्याला यायचं म्हणजे दक्षिणेला, आणि दक्षिणेला तोंड केलं की पश्चिम पुन्हा उजव्याच हाताला. जाताना ऊन वहिनींवर आणि येतानाही वहिनींवरच. आजींच्या वाट्याला दोन्ही वेळा बहुतेक सावली. पुण्यात राहून सकाळी साताऱ्याला जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या माणसाचं याच्या बरोब्बर उलटं होतं, त्याच्या शेजारचं माणूस दोन्ही वेळा भाजतं. वर्षानुवर्षं या रस्त्यावर गाड्या पळतात, मीही शेकडो वेळा गेले असेन, पण हे गणित मी कधी मांडलं नव्हतं.

माणसाला गार वाटतं की गरम हे निव्वळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. डेन्मार्कच्या फँगर यांनी १९७० साली याची जी मांडणी केली, तीत सहा गोष्टी आहेत: हवेचं तापमान, आजूबाजूच्या तापलेल्या किंवा गार पृष्ठभागांची धग, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीर स्वतः किती उष्णता तयार करतंय. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सगळं अगदी जुळून आलं तरी शंभरातले पाच जण नाखूशच राहतात. या गाडीत दोघी मिळून भांडत होत्या ते सहापैकी पहिल्या गोष्टीवर, आणि नेमकी तीच दोघींची सारखी होती. बाकीच्या पाच गोष्टींकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

वहिनींच्या पाठीचंही तसंच. सीटला नवीन काळं रेक्झिनचं कव्हर होतं. त्यातून घाम सुकायला वाव नाही, त्यात कुर्ता पॉलिएस्टरचा. खेड शिवापूरला चहासाठी उतरलो तेव्हा वहिनींची पाठ मानेपासून कमरेपर्यंत ओली होती, आणि आजी उन्हात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. डोळे मिटून, शाल खांद्यावरून सरकवून, हिवाळ्यात अंगणात उभं राहावं तशा.

जे कुणी बोललं नव्हतं

आजी दवाखान्यात आत असताना वहिनी बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसल्या. वय ५१. हळूच म्हणाल्या, "ताई, एसीचं खरं आहेच, पण मला अंगातून वाफा येतात. छातीपासून कानापर्यंत एकदम आग. दोन-चार मिनिटं. मग घाम, आणि नंतर मलाच थंडी वाजते. गाडी चालवताना आलं की काही सुचत नाही, मी सरळ बटण खाली ओढते." पाळी जायच्या काळातलं हे दुखणं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आईंना काय सांगायचं, असं त्यांना वाटत होतं.

आजींची बाजू उघड होती. अंग काटकुळं, थायरॉइडची गोळी चालू. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात आणि शरीरात तयार होणारी उष्णता घटते. थायरॉइड मंद असेल तर थंडी आणखी बाधते. शिवाय इंजेक्शननंतर डोळा चुरचुरतो, त्यावर कोरडी हवा आली की पाणी येतं. "बायकांना एसी सोसत नाही" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. इथे दोघीही बायकाच होत्या. शरीरं दोन आणि काळ दोन, एवढंच.

परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा सोडल्यावर वहिनींना पुन्हा वाफ आली. हात बटणाकडे गेला आणि थबकला. मग त्यांनी बोलून टाकलं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला हे झालं तेव्हा मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. उठून मागच्या दारी जायचे आणि रांजणाला गाल लावून उभी राहायचे. सांगायचंस की गं." आणि स्वतःच्या समोरचं ग्रिल त्यांनी हाताने वहिनींकडे वळवलं.

माझ्या मते या प्रकरणातली खरी दुरुस्ती तिथे झाली. पुढचं सगळं मी त्या एका हालचालीवरूनच बसवलं.

काय बदललं

आकडा दोघींसाठी एकच राहणार, तर झोत वेगळे करायचे. मधली दोन्ही ग्रिल ड्रायव्हरकडे वळवली, एक छातीवर, एक मानेवर. आजींचं डावीकडचं ग्रिल बंद केलं नाही. ते सगळं बंद केलं की हवा बाकीच्या ग्रिलांतून जोरात शिट्टी मारत येते आणि डावी बाजू कोंदट होते. ते वर छताकडे आणि काचेकडे फिरवलं. मग हवा काचेवरून वळून हळू खाली येते, अंगावर झोत बसत नाही. तोंड-आणि-पाय असा मोड लागलेला होता, तो फक्त तोंडावर केला. आजींचे पाय गार पडायचं निम्मं कारण तेच होतं.

वहिनींनी या जागा विसरू नयेत म्हणून ग्रिलच्या पात्यांवर नेलपॉलिशचा बारीक लाल ठिपका लावला. पात्यावरचा ठिपका चौकटीवरच्या ठिपक्याशी जुळला की बरोबर. ही कल्पना त्यांचीच, आता मी इतरांनाही सांगते.

रेक्झिनवर जाड सुती कव्हर चढवलं. उजव्या हाताला पांढरा सुती सनकोट, तोच जो बायका स्कूटरवर घालतात. काचांना काळी फिल्म लावून द्या, असा वहिनींचा आग्रह होता. मी दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मला मनाई केली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. आणि बाहीवरची धग सनकोटाने भागली. पुढच्या फेरीला त्यांनी सांगितलं की हात भाजत नाही म्हटल्यावर २४ सुद्धा चालतं. आजींच्या मांडीवर गोधडीचा चौकोन, डोक्याला रुमाल.

आकडा २४.५ ठरला. दोघींपैकी कुणाच्याही मनातला तो नव्हता. वाफ आली तर आकड्याला हात नाही. वहिनींनी फक्त "वाफ" म्हणायचं आणि आजींनी ब्लोअर दोन घरं वाढवायचा. मधली ग्रिलं आधीच वहिनींकडे वळलेली, त्यामुळे झोत त्यांच्याच मानेवर बसतो. वाफेला हवा असतो तो असा अंगावरचा वारा, आणि तो लगेच मिळतो. अख्खी केबिन दोन अंशांनी उतरायला दहा मिनिटं लागतात, तोवर वाफ ओसरलेली असते आणि दोघी कुडकुडत असतात. पाच मिनिटांनी आजी ब्लोअर परत खाली आणतात. बटण आता त्यांच्या ताब्यात आहे, आणि ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगवर.

बाहेरची हवा बंद ठेवायचं बटण पूर्ण प्रवासभर दाबलेलं असायचं, तेही सोडायला लावलं. आतली हवा फिरवत राहिलं की लवकर गार होतं, म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं ते ठीक. पण दोन माणसांच्या श्वासाने हवा जड होत जाते, डोकं धरतं, गुंगी येते. वहिनींना शिरवळच्या आसपास जी जांभई यायची, तिच्यात याचा वाटा असावा असं मला वाटतं.

एक गोष्ट मी पक्की धरून होते, आणि ती दोघींना सांगितली. सवलत द्यायची वेळ आली तर आधी ड्रायव्हरला. गारठलेल्या माणसावर शाल टाकता येते. चालवणारं माणूस घामाने कासावीस झालं, तर त्याच्यावर वेगळं काही टाकता येत नाही. पण ही गोष्ट आजींना सांगताना त्यांच्या गुडघ्यावरचा झोत आधी काढून मग सांगितली.

जे जमलं नाही

माझी पहिली सूचना होती की आजींनी मागे, ड्रायव्हरच्या पाठीमागे बसावं. उजवीकडचं ऊन त्यांना हवंच असतं आणि झोत तिथवर पोचत नाही. कागदावर उत्तम. एकदाच करून बघितलं. खंबाटकीच्या वळणांत आजींना मळमळलं आणि वाई फाट्यापासून पुढे त्या एकट्या पडल्या. त्या म्हणाल्या, "मागं बसून मी काय सामान आहे होय?" मी परत तो विषय काढला नाही.

मुलगा सुट्टीला आला की २० लावून ऑटो दाबतो. ठिपके त्याला सांगितले आहेत.

जुलै

पावसाळ्यात गाडी रस्त्याकडेला उभी करून वहिनींनी फोन केला. सुरूरच्या अलीकडे धो धो पाऊस, आजींच्या सांगण्यावरून एसी बंद केलेला आणि समोरची काच आतून पांढरी. पुसलं की परत धूसर. मी सांगितलं, एसी चालू करा, आकडा २७ वर न्या, हवा काचेवर, बाहेरची हवा चालू. दोघींना ते विचित्र वाटलं, एसीही आणि गरमही. पण कॉइलवरून जाताना हवेतलं पाणी निथळतं, मग ती हीटरच्या जाळीवर तापते. कोरडी आणि कोमट अशी हवा त्याशिवाय मिळत नाही. दोन मिनिटांत काच साफ झाली. आजींना तो वारा इतका आवडला की पावसाळ्यात त्या आता स्वतःच एसी लावायला सांगतात.

परतीचं ऊन मात्र सुटलेलं नव्हतं. इंजेक्शनच्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, उजेड टोचतो, आणि अडीचनंतर पश्चिमेचं ऊन ड्रायव्हरच्या काचेतून तिरपं आजींच्या चेहऱ्यावर येतं. काळा चष्मा, पदर, सगळं करून झालं. दवाखान्यात त्यांनी लवकरची वेळ मागितली. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा बाराच्या आत पुणे सोडलं तर निम्म्याहून जास्त रस्ता छताच्या सावलीत सरतो. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी सकाळी साडेआठची वेळ मिळाली आहे. त्यासाठी पहाटे साडेपाचला निघावं लागेल, आणि आजी त्याला तयार आहेत.